ब्रिगेडियरचा स्ट्रिंग रीडर: कमांडच्या ओळीखाली बोट धरून वाचणारा कर्सर

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी सहावी ते नववीच्या मुलामुलींसाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेचा एक छोटा वर्ग घेतो आणि गेली दोन वर्षे त्या वर्गाचा सराव माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या संगणकीय खेळाच्या एका खासगी सर्व्हरवर चालतो. मुलांनी तिथे शनिवारवाडा उभारायला घेतला आहे. तटबंदी आणि बुरूज झाल्यावर पाचही दरवाजांपाशी नावांचे फलक लावायचे ठरले आणि त्यासाठी मी एक साधी कमांड, म्हणजे खेळात टाइप करायची आज्ञा, लिहून दिली. आधी 'फलक' हा शब्द, मग दरवाजाचे नाव, मग फलक जमिनीपासून किती ठोकळे उंच लावायचा तो आकडा, एवढीच तिची मांडणी होती.

पहिल्याच रविवारी ती कमांड कोलमडली. वर्षानुवर्षांच्या सवयीने मी कमांडची ओळ मोकळ्या जागांवर तोडली होती आणि मिळालेल्या तुकड्यांपैकी दुसरा तुकडा म्हणजे नाव, तिसरा म्हणजे उंची, असे गृहीत धरले होते. दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा, नारायण दरवाजा या पाचही नावांत मधे मोकळी जागा आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी 'दरवाजा' हा शब्द उंची समजून वाचला जाई आणि पडद्यावर 'कमांड चुकीची आहे' एवढेच उमटे. सातवीतली एक मुलगी तीच ओळ चार वेळा नव्याने टाइप करून थकली आणि म्हणाली, "सर, चुकलंय हे कळतंय, पण कुठे चुकलंय ते हा सांगतच नाही." तिचे म्हणणे रास्त होते. मोकळ्या जागांवर ओळ तोडली की कोणता तुकडा मूळ ओळीत कितव्या अक्षरापासून सुरू झाला होता ही माहिती त्याच क्षणी हरवते आणि मग चुकीची जागा दाखवायची म्हटली तरी दाखवता येत नाही. त्या आठवड्यात मी जुना कोड काढून टाकला आणि ब्रिगेडियरमधला स्ट्रिंग रीडर वापरायला घेतला. त्याला आता दीड वर्ष होत आले आहे. तेवढ्या वापरानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, विशेषतः मराठीत कमांड लिहू पाहणाऱ्यांसाठी, कारण त्यांना ज्या अडचणी येतील त्यांचा उल्लेख मला कुठे एकत्र वाचायला मिळाला नाही.

ब्रिगेडियर हे माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीने घडवलेले कमांड वाचण्याचे आणि चालवण्याचे लायब्ररी-स्वरूपातले साधन आहे. १८ जुलै २०१८ रोजी आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून खेळातल्या सगळ्या कमांड त्याच्यावर चालतात आणि त्याच वर्षी मोजांगने त्याचा कोड एमआयटी परवान्याखाली गिटहबवर सर्वांसाठी खुला केला. फॅब्रिक, फोर्ज किंवा पेपर या खेळात भर घालण्याच्या साधनांपैकी कशावरही काम करणाऱ्याला ते आयते हाताशी मिळते. खेळाबाहेरच्या एखाद्या जावा प्रकल्पात हवे असेल तर मोजांगच्या स्वतःच्या मेव्हन भांडारातून ते जोडून घेता येते आणि पैसे मोजावे लागत नाहीत. या साधनाचे मोठे आणि अधिक चर्चेतले अंग म्हणजे कमांडचे झाड (कमांडच्या शब्दांची फांद्याफांद्यांची मांडणी), त्यातले नोड म्हणजे सांधे आणि टाइप करता करता मिळणाऱ्या सूचना. परंतु या सगळ्याच्या तळाशी एक लहानसा क्लास, म्हणजे कोडचा एक स्वतंत्र घटक, बसलेला आहे आणि प्रत्येक अक्षर आधी त्याच्याच हाताखालून जाते. माझे परीक्षण मुख्यतः या क्लासचे, म्हणजे स्ट्रिंग रीडरचे आहे.

त्याच्या पोटात दोनच गोष्टी असतात: कमांडची मूळ ओळ, जी कधीही बदलत नाही, आणि कर्सर नावाचा एक पूर्णांक, जो 'आतापर्यंत इथवर वाचले' एवढेच लक्षात ठेवतो. माझी आजी पोथी वाचताना ओवीखाली बोट धरून वाचत असे. मधेच कुणी हाक मारली तर बोट तिथेच राही आणि परतल्यावर वाचन नेमके त्याच शब्दापासून पुढे सुरू होई. मुलांना कर्सर समजावताना मी हेच उदाहरण देतो आणि त्यांना ते लगेच पटते. 'पीक' ही मेथड (क्लासमधली एक क्रिया) बोटाखालचे अक्षर नुसते पाहते, 'रीड' ते अक्षर वाचून बोट एक घर पुढे सरकवते, 'स्किप' न वाचताच पुढे सरकते आणि 'कॅन-रीड' पुढे काही उरले आहे का ते सांगते. 'गेट-रीड' आणि 'गेट-रिमेनिंग' यांनी वाचून झालेला आणि उरलेला भाग वेगवेगळा काढता येतो. याव्यतिरिक्त पूर्णांक, दशांश, खरे-खोटे, अवतरणातला मजकूर आणि अवतरणाविना येणारा शब्द यांसाठी स्वतंत्र मेथड आहेत आणि 'एक्स्पेक्ट' नावाची एक मेथड ठरावीक चिन्ह नेमके तिथे आहे की नाही याची खातरजमा करते. कोडमध्ये स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नाहीत, पण मेथड इतक्या आखूड आणि सरळ आहेत की आठवीतल्या मुलांसोबत बसून मी पूर्ण क्लास एका रविवारी वाचून काढला. व्यवसायाने लिहिलेला, कोट्यवधी लोकांच्या संगणकांवर चालणारा कोड मुलांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत समजतो हा मला या क्लासचा मोठा गुण वाटतो.

यातली पूर्णांक वाचणारी मेथड थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ती आधी कर्सरची सध्याची जागा बाजूला नोंदवून ठेवते. मग शून्य ते नऊ हे अंक, टिंब आणि उणे चिन्ह यांपैकी जे जे दिसेल त्यावरून पुढे सरकत जाते आणि वेगळे काही दिसले की थांबते. मधला तुकडा रिकामा असेल तर 'इथे पूर्णांक हवा होता' अशी तक्रार करते. तुकडा असेल पण तो पूर्णांक नसेल, म्हणजे उदाहरणार्थ साडेबारा ही संख्या कुणी दशांशात लिहिली असेल, तर कर्सर नोंदवलेल्या मूळ जागी परत नेते आणि मगच 'हा पूर्णांक वैध नाही' असे तो तुकडा उद्धृत करून सांगते. टिंब हे पूर्णांकात चालत नसतानाही ती मेथड टिंबावरून पुढे का जाते, असा प्रश्न एका मुलाने विचारला होता आणि तो फार चांगला प्रश्न होता. टिंबापाशी थांबली असती तर 'बारा' एवढाच आकडा स्वीकारला गेला असता, पुढचा 'पॉइंट पाच' मागे लोंबकळत राहिला असता आणि तक्रार भलत्याच जागी, भलत्याच शब्दांत झाली असती. सबंध तुकडा उचलून तो सबंधच नाकारल्यामुळे वापरणाऱ्याला त्याने लिहिलेली संख्या जशीच्या तशी समोर दिसते.

याच निर्णयाची दुसरी बाजूही आहे. माइनक्राफ्टमध्ये 'एक ते पाच' असा पल्ला दोन अंकांच्या मधे दोन टिंबे देऊन लिहितात आणि ही मेथड तो सगळा मजकूर एकच संख्या समजून गिळते व नाकारते. खेळाच्या स्वतःच्या कोडमध्येही म्हणून पल्ल्यासाठी वेगळी तजवीज केलेली आहे: टिंबानंतर लगेच दुसरे टिंब दिसते का हे आधी डोकावून पाहायचे आणि तसे असेल तर संख्या तिथेच संपली असे मानायचे. तुमच्या कमांडमध्ये पल्ले असतील तर हे वाचन तुम्हालाही हातानेच लिहावे लागेल. 'पीक' या मेथडला कर्सरपासूनचे अंतर देता येते, त्यामुळे ते चार ओळींचे काम आहे.

आता त्या मुलीच्या तक्रारीकडे वळतो, कारण हा क्लास निवडण्याचे खरे कारण तेच होते. ब्रिगेडियर चूक कळवताना मूळ ओळ आणि कर्सरची जागा दोन्ही एक्सेप्शनसोबत, म्हणजे चूक झाल्याच्या सूचनेसोबत, पाठवते. संदेशात चूक कितव्या स्थानावर आहे तो आकडा येतो, त्यानंतर चुकीच्या आधीची जास्तीत जास्त दहा अक्षरे येतात, त्याहून आधीचा मजकूर असेल तर या अक्षरांच्या आधी तीन टिंबे येतात आणि शेवटी 'इथे' असे सुचवणारा बाण येतो. वर्गात हे पहिल्यांदा चालू झाले तेव्हा मुलांची चूक शोधण्याची पद्धतच बदलली. आधी ती सगळी ओळ पुसून पुन्हा लिहीत असत. आता ती बाणापाशी जातात, तेवढेच दुरुस्त करतात आणि पुढे जातात. ज्यांना इंग्रजी संदेश वाचायला वेळ लागतो अशा मुलांनाही बाणाची जागा कळते. साध्या साधनाकडून इतका थेट उपयोग मला क्वचितच अनुभवायला मिळाला आहे आणि केवळ यासाठीसुद्धा मी हा क्लास कुणालाही सुचवेन.

चुकीचे शब्द मराठीत हवे असतील तर दोन वाटा आहेत. ठरावीक तक्रारींचा संपूर्ण संच बदलून आपला संच तिथे बसवता येतो, परंतु खेळाच्या आत तो सगळ्याच कमांडना लागू होईल, त्यामुळे मी तो मार्ग टाळला. दुसरी वाट अधिक सोयीची आहे: आपल्या कमांडपुरते एक्सेप्शन पकडायचे, त्यातून मूळ ओळ आणि कर्सरची जागा काढायची आणि आपला संदेश आपण रचायचा. हे मी का केले त्याचे कारण पुढच्या भागात आहे.

देवनागरीचा प्रश्न इथे सुरू होतो आणि मराठी वाचकांसाठी या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. चांगली गोष्ट आधी सांगतो. कमांडचे स्वतःचे नाव देवनागरीत ठेवता येते. झाडातला ठरलेला शब्द आणि ओळीतला शब्द यांची अक्षरशः तुलना होते, त्यामुळे 'फलक' हा शब्द निर्विघ्नपणे ओळखला जातो. अवतरण चिन्हांतला मजकूरही तसाच सुखरूप वाचला जातो, कारण तिथे बंद करणारे चिन्ह आणि बॅकस्लॅश सोडून बाकी कोणत्याही अक्षराकडे विशेष लक्ष दिलेले नाही. 'दिल्ली दरवाजा' दुहेरी किंवा एकेरी अवतरणांत लिहिले की नाव पूर्ण मिळते आणि मूळ अडचण सुटते.

अवतरणे काढली की मात्र परिस्थिती पालटते. अवतरणाविना येणाऱ्या शब्दात कोणती अक्षरे चालतील याची यादी कोडमध्ये पक्की लिहिलेली आहे: रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरे, इंग्रजी अंक, अधोरेखा, उणे, टिंब आणि अधिक. कुणी 'सारसबाग' असे अवतरणाविना लिहिले तर कर्सर पहिल्याच अक्षरापाशी थबकतो आणि रिकामा शब्द परत येतो. ती मेथड स्वतः कोणतीही तक्रार करत नाही, ही त्यातली अधिक त्रासदायक बाब आहे. रिकामा शब्द यशस्वीपणे वाचला असे समजून काम एक पायरी पुढे जाते, मग डिस्पॅचरला, म्हणजे ओळ झाडाशी ताडून पाहणाऱ्या ब्रिगेडियरच्या भागाला, पुढे मोकळी जागा अपेक्षित असते, तिथे 'स' दिसतो आणि 'एक आर्ग्युमेंट संपवायला मोकळी जागा हवी होती, पण मागे मजकूर उरला आहे' अशा अर्थाचा संदेश येतो (आर्ग्युमेंट म्हणजे कमांडला दिलेली एकेक माहिती). बाण योग्य जागी असतो, पण शब्द दिशाभूल करतात. मुले मग मोकळ्या जागा वाढवून पाहू लागतात आणि त्यानेही काम बिघडते, कारण डिस्पॅचर दोन आर्ग्युमेंटच्या मधली एकच मोकळी जागा ओलांडतो. दुसरी मोकळी जागा पुढच्या आर्ग्युमेंटचा भाग समजली जाते.

अंकांचे तसेच आहे. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या कळफलकावर मराठी चालू असते आणि ती उंची '३' अशी लिहितात. जावाची पूर्णांक वाचणारी मूळ सोय देवनागरी '३' सहज समजते आणि त्याचे तीन करून देते. स्ट्रिंग रीडर मात्र फक्त इंग्रजी अंकांनाच पुढे जाऊ देतो, त्यामुळे जावाला तो अंक समजतो की नाही हे विचारण्याची वेळच येत नाही. दाराशी उभ्या असलेल्याने आत न विचारताच पाहुण्याला परत पाठवावे, तसे ते होते. हे बदलणे अवघड नाही. अंक ओळखण्यासाठी जावाची 'इज-डिजिट' ही मेथड वापरली की देवनागरी अंकही आत येतात आणि पूर्णांकाचे काम तिथेच संपते. दशांश संख्यांसाठी मात्र प्रत्येक अंकाचे इंग्रजी अंकात रूपांतर आपणच करून द्यावे लागते, कारण जावाची दशांश वाचणारी सोय देवनागरी अंक स्वीकारत नाही.

आता वर सांगितलेल्या संदेशाच्या दहा अक्षरांचे काय होते ते पाहा. कमांडच्या सुरुवातीची तिरकी रेघ सोडून ओळ अशी होती: फलक "दिल्ली दरवाजा" ३. तक्रार विसाव्या स्थानावर आली, म्हणजे बरोबर '३'च्या आधी. संदेशात त्यामागची दहा अक्षरे घेतली गेली आणि तो मजकूर सुरू झाला तो 'ल्ली'मधल्या नुसत्या दीर्घ वेलांटीपासून. पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेली एकटी वेलांटी आणि तिच्यापुढे 'दरवाजा' असे दिसत होते. याचे कारण असे की कर्सर मोजतो ती जावाची सोळा बिटांची एककं, आणि 'दिल्ली' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटला तरी जावाच्या दृष्टीने तो द, पहिली वेलांटी, ल, हलन्त, ल, दुसरी वेलांटी अशा सहा घरांचा आहे. चुकीची जागा मोजण्यात यामुळे काहीही बिघडत नाही, पण दाखवताना शब्द मधोमध चिरला जातो. म्हणून मी संदेश स्वतः रचतो: कर्सरपासून मागे येत आधीची मोकळी जागा शोधतो आणि तिथपासून सबंध शब्द दाखवतो. जावाच्या 'ब्रेक-इटरेटर'ने अक्षरांच्या सीमा शोधण्याचाही पर्याय आहे, परंतु एवढ्या आखूड ओळींसाठी पूर्ण शब्द दाखवणेच मुलांना वाचायला सोपे गेले.

अवतरणाविना देवनागरी शब्द वाचण्याचा माझा पहिला प्रयत्न फसला आणि तो कसा फसला हे सांगितल्याने कुणाचे दोन तास वाचतील. मी जावाच्या 'इज-लेटर' या मेथडवर भरवसा ठेवला. 'पुणे' हा शब्द दिला तर कर्सर 'प'वरून पुढे गेला आणि उकारापाशी थांबला, कारण युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत उकार हे अक्षर नसून जोडचिन्ह आहे. मग मी 'इज-अल्फाबेटिक' लावले. तिला वेलांट्या, उकार आणि मात्रा चालतात, त्यामुळे 'पुणे' पूर्ण वाचले गेले आणि मी निश्चिंत झालो. पुढच्या रविवारी एका मुलाने 'पर्वती' लिहिले आणि कर्सर 'पर' एवढेच वाचून थांबला, कारण हलन्ताला तीही मेथड वर्णमालेत धरत नाही. अखेर 'इज-युनिकोड-आयडेंटिफायर-पार्ट' ही लांबलचक नावाची मेथड उपयोगी पडली. अक्षरे, जोडचिन्हे, हलन्त, अंक आणि जोडाक्षर घडवणारे अदृश्य चिन्ह या सगळ्यांना ती मान्यता देते.

त्या अदृश्य चिन्हाचा प्रश्न मराठीला विशेष भेडसावतो. पर्वतीचा डोंगर करायला घेतल्यावर मुलांनी १०३ पायऱ्या रचल्या आणि 'पायऱ्या' याच नावाची एक उपकमांड ठेवली. तीन मुलांना ती चालली, दोघांना चालली नाही. पडद्यावर पाचही जणांचा शब्द हुबेहूब सारखा दिसत होता. स्ट्रिंग रीडरमधून एकेक घर वाचून त्याचा आकडा छापला तेव्हा उलगडा झाला. एका कळफलकाने नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरला होता आणि त्याचा शब्द सात घरांचा होता. दुसऱ्याने साधा 'र', हलन्त आणि त्यामागे जोड घडवणारे अदृश्य चिन्ह दिले होते आणि त्याचा शब्द आठ घरांचा होता. साधा 'र' आणि वेगळा नुक्ता असा तिसरा प्रकारही शक्य आहे. तुलना घरागणिक होते, त्यामुळे यातला एक प्रकार दुसऱ्याशी कधीच जुळत नाही. जावाच्या 'नॉर्मलायझर'ने वेगळा नुक्ता 'र'ला जोडला जातो, पण अदृश्य चिन्ह तसेच राहते, म्हणून 'र, हलन्त, अदृश्य चिन्ह' हा क्रम दिसला की तिथे नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त घालायचे काम मी स्वतंत्रपणे करतो. हे सारे रीडर तयार करण्यापूर्वीच उरकावे. वाचन चालू असताना ओळ बदलली तर कर्सरची जागा आणि मजकूर यांचा मेळ तुटतो.

ही दुरुस्ती बसवायची कुठे, हा पुढचा पेच होता. क्लास अंतिम म्हणून घोषित केलेला नाही, त्यामुळे त्याचा वारस क्लास (त्याचेच गुण घेऊन काही भाग बदलणारा क्लास) करून शब्द वाचणारी मेथड नव्याने लिहावी, असे सहज सुचते. तसे केले आणि काहीच फरक पडला नाही. डिस्पॅचर झाडाची प्रत्येक फांदी तपासताना मूळ रीडरची प्रत काढतो, म्हणजे एक फांदी चुकीची निघाली तरी कर्सर हलत नाही आणि दुसरी फांदी पहिल्या जागेपासून वाचता येते. ही प्रत नेहमी साध्या स्ट्रिंग रीडरचीच निघते, त्यामुळे माझा वारस क्लास पहिल्याच फांदीवर गळून पडला. स्वतःचा आर्ग्युमेंट प्रकार लिहिणे हा योग्य मार्ग आहे, परंतु सर्व्हरकडून कमांडचे झाड खेळाडूच्या संगणकावर पाठवले जाते आणि तिथे तो प्रकार माहीत असावा लागतो. मुलांच्या संगणकांवर काहीही बसवायचे नाही अशी पालकांची अट असल्यामुळे मी उरलेली सगळी ओळ एकत्र उचलणारा आयता प्रकार वापरला आणि त्या मजकुरावर आपल्या हाताने दुसरा, माझा रीडर चालवला. चुकीची जागा सांगताना मूळ कमांडमधले अंतर त्यात मिळवायला विसरू नये. हा मार्ग स्वीकारल्याने टाइप करताना आपोआप मिळणाऱ्या सूचना मात्र गमवाव्या लागतात आणि ती उणीव मला अजून सलते.

काही लहान गोष्टीही नोंदवतो. जावाच्या स्वतःच्या भांडारातही स्ट्रिंग रीडर याच नावाचा एक जुना क्लास आहे, जो अगदी वेगळे काम करतो. कोड लिहिण्याचा एडिटर आपोआप सुचवतो म्हणून चुकीचा क्लास आयात झाला की पहिली दहा मिनिटे गोंधळात जातात. 'पीक' आणि 'रीड' या मेथड ओळ संपली आहे का हे तपासत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी 'कॅन-रीड' विचारण्याची शिस्त आपण पाळावी लागते. नाहीतर समजण्याजोग्या संदेशाऐवजी जावाचे कच्चे एक्सेप्शन समोर येते. अवतरण बंद करायचे राहिले तर कर्सर ओळीच्या शेवटी जाऊन तिथेच राहतो, सुरुवातीच्या चिन्हापाशी परतत नाही. पूर्णांकाच्या बाबतीत मात्र तो परततो. या दोन वागणुकी सारख्या असायला हव्या होत्या, कारण उघडलेले अवतरण कुठे आहे हे कळणे ओळीचा शेवट कुठे आहे हे कळण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. फोनवरच्या संदेशातून कमांड चिकटवली की वळणदार अवतरण चिन्हे येतात आणि ती चालत नाहीत. वर्गाच्या समूहावर मी आता कमांड साध्या मजकुराच्या फाइलमधूनच पाठवतो.

वेगाविषयी मला काहीही तक्रार नाही. खेळातल्या चॅटच्या चौकटीत एका वेळी २५६ अक्षरे मावतात आणि कमांड साठवणाऱ्या 'कमांड ब्लॉक' या ठोकळ्यात ३२,५००. एवढ्या ओळीवरून एक पूर्णांक पुढे सरकवत जाण्याला जो वेळ लागतो तो मोजण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

हा क्लास कुणी घ्यावा, तर ज्यांच्या कमांड एका ओळीच्या आहेत, ज्यांना चुकीची नेमकी जागा दाखवायची आहे आणि ज्यांना वाचनावर स्वतःचा ताबा हवा आहे त्यांनी निःशंकपणे घ्यावा. अनेक ओळींचा मजकूर, कंसात कंस असलेली सूत्रे किंवा एखादी पूर्ण भाषा वाचायची असेल तर यात ओळ-क्रमांकाची नोंद नाही, त्यामुळे दुसरे साधन पाहावे. मराठी कमांडसाठी घेणाऱ्यांनी वर सांगितलेली तजवीज पहिल्या दिवशीच करून ठेवावी. पहिली चाचणी 'पर्वती' या शब्दाची लिहावी, दुसरी 'पायऱ्या' या शब्दाची, तीही दोन वेगवेगळ्या कळफलकांवरून टाइप करून, आणि तिसरी देवनागरी '३'ची.